ओटा नंबर चार

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. गेवराईच्या अलीकडे, हायवेला लागून आहे, एवढं पुरे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत आणि ती मला इथंच, शांतपणे काढायची आहेत.

शिक्षकाला काय काय जमतं, याबद्दल सरकारला कधीच शंका आलेली नाही. मी जनावरं मोजली आहेत, मतदार शोधले आहेत, लोकांचे संडास वापरात आहेत का हे दार ढकलून बघितलं आहे. उरलेल्या वेळात चौथीला भागाकार शिकवतो. त्यामुळे सुंदररावांच्या एकसष्टीनिमित्त गावातले बेघर शोधायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. पत्रावर शिक्का नगरपंचायतीचा होता, मजकूर लखनचा होता. लखन म्हणजे सुंदररावांचा उजवा हात. डावाही तोच.

सुंदरराव आमचे नेते. त्यांच्याकडे सध्या पद कोणतं, हे कुणालाच नीट सांगता येत नाही, पण गावातल्या प्रत्येक बॅनरवर मधला फोटो त्यांचा. जितकावा वाढदिवस, तितक्या वस्तू, असा त्यांचा रिवाज आहे. पन्नासाव्याला पन्नास किलोचा केक झाला. साठीला साठ झाडं लावली, त्यातली दोन शेळ्यांच्या नजरेतून सुटली. यंदा एकसष्टी. घरी त्यांच्या पत्नी सत्यभामाकाकू त्यांना एकसष्ट दिव्यांनी ओवाळणार आणि बाहेर एकसष्ट बेघरांना ‘सर्व सेवा एकाच मांडवात’ मिळणार. डोळे तपासणी, रेशन कार्ड, दाखले, दाढी-कटिंग, अंघोळ, चादर, सगळं एका दिवसात.

“गुरुजी, एकसष्ट पायजेत,” लखन म्हणाला. “साठ न्हाई, बासष्ट न्हाई.”

“आणि गावात तेवढे नसले तर?”

“नसले कसे? एवढं मोठं गाव हाय आपलं.”

गावात बेघर कमी पडतील म्हणून काळजीत पडलेला तो मी पाहिलेला पहिला माणूस.

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आठवडी बाजाराच्या मैदानात भाजीवाल्यांसाठी सिमेंटचे बारा ओटे बांधलेले आहेत, वर पत्रा आहे. बाजार सोमवारचा. बाकीचे सहा दिवस ते ओटे ज्यांना कुठंच जागा नाही त्यांचे. चार नंबरच्या ओट्यावर सारजाबाई राहायची, तिच्या शेळीसह.

सारजाबाई धनगराची. तिचा नवरा हरिबा मेंढरं राखायचा. चाळीस वर्षं दोघं कळपामागं फिरली. मेंढरं बसतील तिथं चूल मांडायची, ती उठली की आपण उठायचं. घर बांधायची वेळच आली नाही. हरिबा गेला, मेंढरं पुतण्यांनी नेली आणि म्हातारीच्या वाट्याला एक शेळी ठेवली. रोहिणी नक्षत्रात जन्मली म्हणून तिचं नाव रोहिणी. तिचं दूध सारजाबाई समोरच्या चहाच्या टपरीला घालायची, त्यावर तिचं भागायचं.

अडचण डोळ्यांची होती. उजवा पार गेलेला, डाव्यावर मोतीबिंदूचा दाट सारा आलेला. हातपंपापासून ओट्यापर्यंत ती पावलं मोजत यायची. बावीस. पण शेळीला मोजता येत नाही. दोर सुटला की रोहिणी सरळ हायवेवर. गेल्याच महिन्यात एका वाळूच्या ट्रकनं ब्रेक मारला आणि आख्खी टपरी ओरडली.

“डोळा गेला तर गेला ओ, गुरुजी,” ती मला म्हणाली. “माजं आता काय बगायचं ऱ्हायलंय? पर हिचा पाय मोडला तर म्या काय करू? मला लांबून दिसलं पायजे ही कुठं चाललीय ते. तुमच्या त्या मांडवात डोळा करून देतेत का?”

“देतात,” मी म्हणालो. पत्रकात तसं छापलं होतं.

खरे बेघर भरले तेवीस. लखननं कपाळाला हात लावला, आणि मग दोन दिवसांत अडतीस पैदा केले. त्यात त्याची सासू होती, सुंदररावांच्या शेतावरचे सालगडी होते, शिवाय एक दुमजली घरवाले निवृत्त तलाठी होते. तलाठ्यांना मी विचारलं, तर म्हणाले, “वरचा मजला अजून प्लास्टरचा राहिलाय.”

मांडव कुठं घालायचा हा प्रश्नच नव्हता. पत्र्याची सावली, मधे मोकळं मैदान, आणि ओट्यांवर फळ्या टाकल्या की आयतं स्टेज. त्यामुळे बेघरांच्या महाशिबिराची तयारी बेघरांना हुसकून झाली. दोन दिवस ती माणसं बसस्टँडच्या भिंतीला बसून होती. “पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरावंच लागतंय,” असं लखन त्यांना हसून सांगत होता.

शिबिराचा दिवस उजाडला. कार्यक्रम दहाचा होता म्हणून बाराला सुरू झाला. आमच्याकडं सत्कार केल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. आधी सुंदररावांचा सत्कार, मग स्टेजवरच्या सतरा मान्यवरांचा, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा, आणि मग एकसष्ट बेघरांचा. प्रत्येकाला फेटा, शाल, श्रीफळ आणि फोटो. डॉक्टर मंडळी बीडहून दहालाच आली होती. ती एका कोपऱ्यात टेबल मांडून सत्कार बघत बसली. त्यांचाही झाला.

सारजाबाईला फेटा बांधला तो डोळ्यावर आला. तसं तिला काही फरक पडत नव्हता. रोहिणीला तिनं मांडवाच्या खांबाला बांधलं होतं. तिथंच सुंदररावांसाठी आणलेला पाच फुटी हार टांगलेला होता. भाषणासाठी सुंदररावांचं नाव पुकारेपर्यंत त्याचा दीड फूट उरला. लखन शेळीवर धावून गेला आणि माझ्या मनाला त्या दिवसातला एकमेव गारवा मिळाला.

सुंदररावांनी भाषण केलं. गावात एकही माणूस बेघर राहणार नाही, याच जागेवर बेघरांसाठी निवारा उभा राहील, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात तलाठ्यांनी वाजवल्या.

चार वाजता सेवा सुरू झाल्या. पाचला डॉक्टरांची गाडी निघणार होती. मी सारजाबाईचा हात धरून तिला डोळ्यांच्या टेबलाशी नेलं. डॉक्टर भला माणूस होता. “डावा डोळा चांगला होईल, आजी. ऑपरेशन फुकट आहे. रेशन कार्ड घेऊन या.”

शेजारीच रेशन कार्डाचं टेबल. तिथं योगिता नावाची तहसीलमधली ऑपरेटर मुलगी होती. “कार्ड करून देते, गुरुजी. राहण्याचा पुरावा द्या.”

“अहो, ती बेघर आहे. शिबिर कुणाचं आहे?”

“मला कळतं हो. पण पत्त्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जात नाही.”

माझं डोकं फिरलं. मागं लखनची सासू नवा चष्मा लावून स्वतःच्या पाटल्या निरखत होती. तिच्याकडं पुरावा होता. त्या मांडवात बेघरांच्या सेवा ज्यांना घरं होती त्यांनाच मिळत होत्या.

लखन घाईत आला. “गुरुजी, नोंदणीच्या यादीत तिचा पत्ता मोकळा सोडू नका बरं का. यादी वर जायची हाय. कायबी टाका.”

मी रागानं पेन उचललं आणि पत्त्याच्या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं: ‘बाजार ओटा क्रमांक चार.’ वरच्या कुणाला तरी वाचून लाज वाटेल, असं मला वाटलं होतं. पंचावन्न वर्षांच्या माणसानं इतकं भाबडं असू नये. सारजाबाई त्या दिवशी फेटा, शाल आणि नारळ घेऊन ओट्यावर परतली. नारळ टपरीवाल्यानं फोडून दिला.

याद्या वाचायच्या नसतात, पुढं पाठवायच्या असतात, हे मी नोकरीत शिकलोय. ही एक यादी मात्र नगरपंचायतीत कुणीतरी वाचली. आठव्या दिवशी सारजाबाई पावलं मोजत, विचारत विचारत शाळेत आली. पदराखालून एक पाकीट काढलं.

“माज्या नावाचं टपाल आलंय म्हणं. जल्मात पयलं. काय लिवलंय बगा की.”

मी वाचलं. श्रीमती सारजाबाई हरिबा यांस. आपण बाजार ओटा क्रमांक चार येथे अनधिकृतपणे वास्तव्य करीत असल्याचे या कार्यालयाच्या निदर्शनास आले आहे. पंधरा दिवसांत सदर जागा रिकामी करावी, अन्यथा कारवाई करण्यात येईल. खाली सही, गोल शिक्का.

हे माझ्या पेनानं झालं होतं. इतकी वर्षं ती तिथं राहत होती आणि कुणालाच दिसत नव्हती, म्हणून सुखात होती. मी तिचा पत्ता लिहिला आणि ती अतिक्रमण झाली. मी तिला अडखळत सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं.

“माजं नाव लिवलंय त्यात?”

“हो.”

“आन् ह्यांचं बी?”

“हो. हरिबांचंही आहे.”

“म्या ओट्यावर ऱ्हाते, असं सरकारनं लिवलंय? शिक्का मारून?”

“हो, मावशी.”

“मंग त्या पोरीनं मागितलता तो पुरावा ह्योच की!”

मी तीस वर्षं पोरांना शहाणं करतोय. त्या दिवशी धडा मी घेतला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला तहसीलला नेलं. योगितानं नोटीस एकदा वाचली, परत वाचली, मग खाली मान घालून हसू दाबलं. “वास्तव्य आहे. कार्यालयाचा शिक्का आहे. चालतं, गुरुजी.” अनधिकृत या शब्दासाठी कॉम्प्युटरमध्ये रकाना नव्हता. आठवड्यात कार्ड हातात आलं. पत्ता, ओटा क्रमांक चार. सारजाबाईनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरलं. लगेच दवाखान्यात फोन लावला, ऑपरेशनची तारीख मिळाली. नोटिशीचा तो पंधरावा दिवस होता. मी म्हटलं, नगरपंचायतीनं आजवर एक गटार वेळेवर केलेलं नाही, ओटे काय वेळेवर पाडणार?

तिला बीडच्या धर्मादाय दवाखान्यात सोडलं आणि रोहिणीला माझ्या घरी आणलं. माझी बायको बबिता म्हणाली, “जनावरं मोजून आणा म्हणलं होतं का सरकारनं, घेऊन या म्हणलं होतं?” पण पाला तिनंच घातला.

नगरपंचायतीनं मला खोटं पाडलं. सोळाव्या दिवशी सकाळी जेसीबी आला. एक ओटा पाडायला नव्हे. भाषणात निवारा याच जागेवर जाहीर झाला होता, तेव्हा जागा मोकळी हवी म्हणून बाराही ओटे गेले, पत्रा गेला, आणि बाकीची बावीस माणसं उठून कुठं गेली ते मोजायचं काम अजून माझ्याकडं आलेलं नाही. मैदानाच्या मधोमध फलक लागला: बेघर निवाऱ्याची नियोजित जागा. त्यावर गळ्यात हार घातलेले सुंदरराव, हात जोडून.

त्याच संध्याकाळी लखनचा फोन. “गुरुजी, यादी दुरुस्त करा बरं. ज्यांना राहण्याचा पुरावा मिळालाय त्यांची नावं बेघरांतून काढायचीत. ती म्हातारी आता बेघर न्हाई.”

“मग कोण आहे?”

“लाभार्थी,” तो म्हणाला.

दोन दिवसांनी मी सारजाबाईला आणायला गेलो. सोबत रोहिणी. जीपवाला कुरकुरला, पण घेतली. काळा चष्मा लावलेली म्हातारी दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. शेळीला बघून तिनं चष्मा वर केला.

“अगं माय! हिच्या कानावर पांढरा ठिपका हाय की!” चार वर्षं पाळलेल्या शेळीला ती पहिल्यांदा बघत होती. मग माझ्याकडं वळली. “आन् तुमी इतके म्हातारे हाव व्हय, गुरुजी? आवाज तर लई ताजा वाटायचा.”

वाटेत ती प्रत्येक बोर्ड, प्रत्येक झाड बघत होती. सांगायचं होतं ते मी पुढच्या वळणावर ढकलत राहिलो. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. मैदानाशी जीप थांबली, आम्ही उतरलो. तिनं चारी बाजूंना बघितलं.

“गुरुजी, आपण चुकून भलतीकडंच उतरलो.”

“नाही, मावशी. हेच ते.”

मग मी सगळं सांगून टाकलं. मी म्हणालो, “आमच्या घरी चला. चार दिवस.” हे चार दिवस माझ्या तोंडून आपोआप निघाले, आणि ते तिनं बरोबर ऐकले.

तिनं पिशवीतून कार्ड काढलं. “ह्याच्यावर पत्ता काय हाय?”

“बाजार ओटा क्रमांक चार.”

“मंग बराबर हाय,” ती म्हणाली.

ती हातपंपापाशी गेली. दांड्यावर हात ठेवून उभी राहिली, समोरच्या सपाट मैदानाकडं बघितलं, आणि डोळे मिटून घेतले. आठवडाभर कागद नाचवून मिळवलेला तो डोळा तिनं घट्ट मिटला, आणि पावलं मोजत निघाली. एक, दोन, तीन. बाविसाव्या पावलाला थांबली, खाली चाचपलं आणि मातीत बसली.

“हिला बांधा,” ती डोळे न उघडता म्हणाली.

बांधायला खुंटा नव्हता. मी रोहिणीला सुंदररावांच्या फलकाच्या खांबाला बांधलं आणि तिथंच उभा राहिलो.