चौदा ग्रॅम

कानस पोलादावरून पुढे सरकताना एक लांब, रुक्ष श्वास सोडते आणि मागे येताना निःशब्द असते. दोन हजार वीसच्या वसंतात रस्त्यांचे, शाळांचे, चर्चच्या घंटांचे सगळे ध्वनी कुणीतरी झाकून ठेवल्यासारखे मावळले, तेव्हा आयर्लंडमधल्या ॲथलोन गावातल्या आमच्या गॅरेजातून दिवसभर तो एकच श्वास ऐकू येत असे. त्या श्वासामागे मामा होते. मामा म्हणजे माझे सासरे. कराडला चाळीस वर्षं इंजिनं उघडण्यात आणि पुन्हा बांधण्यात घालवलेला माणूस. सहा आठवड्यांसाठी लेकीकडे आले, विमानं थांबली, आणि ते वर्षभर इथेच राहिले. परतल्यावर करायचं ठरलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्यामुळे राहून गेलं.

शटर अर्धं उघडं ठेवून ते उजेडाच्या कडेला बसत. इथला उजेड पिळून वाळत टाकलेल्या धोतरासारखा फिका; त्यात त्यांच्या डोळ्यांवरची साय निळसर दिसे. बघायचं असलं की ते मान वळवून कान पुढे करत आणि बोटं त्या वस्तूवरून अशी फिरवत, की झोपलेल्या लेकराचा ताप बघणाऱ्या बाईची आठवण व्हावी. ऊन पडलं की म्हणत, "ह्यांच्या देशात उन्हाला बी परवानगी लागती काय वो, जावईबापू?" मग माझ्या हातांकडे बघून हसत. मी कागदावरचा मेकॅनिकल इंजिनिअर. वीस वर्षं कीबोर्डखेरीज कशाला हात न लावलेला.

मामा ज्यावर काम करत ते इंजिन शेजारच्या ब्रेंडनचं. त्याच्या वडिलांची जुनी जीप पंधरा वर्षं त्याच्या शेडमध्ये गंजत पडली होती. त्या जीपमधून ते दलदलीच्या रानातून टर्फ, म्हणजे जळणाचे मातीचे तुकडे, वाहून आणत. ब्रेंडनला मराठी येत नव्हतं, मामांना इंग्रजी. पण एकदा कुंपणापलीकडून मामांनी आखडलेल्या इंजिनाकडे बोट दाखवलं, सोडवतो म्हणून मिटलेल्या मुठी उघडून दाखवल्या, आणि दुसऱ्या आठवड्यात ते इंजिन ढकलगाडीवरून आमच्या दारात आलं. पुढचे सहा महिने ब्रेंडन सुटे भाग फाटकाशी ठेवून दोन मीटर मागे उभा राहायचा आणि मला सांगायचा, "युअर मॅन इज अ सर्जन." मी ते मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्येला सांगा, पेशंट आजून शुद्धीवर न्हाई."

सिलिंडर झाले, क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, घासून आला, आणि उरलं ते सगळ्यात नाजूक काम: तोल. चार पिस्टन आणि त्यांना पेलणारे चार कनेक्टिंग रॉड एकाच वजनाचे हवेत. नाहीतर वेग वाढला की इंजिन स्वतःशीच झगडू लागतं. "चार भावांत एकाला जादा वाटा दिला की घर हालतंय, तसंच हे," मामा म्हणाले. जड रॉड शोधायचा, त्याची पाठ कानशीने घासायची, पुन्हा तोलायचा. वैशाली, माझी बायको, केकसाठी वापरायची तो डिजिटल काटा यासाठी गॅरेजात आला. त्याचे चिमुकले आकडे मामांना दिसत नव्हते, म्हणून वाचण्याचं काम माझ्याकडे आलं. मामा आधी रॉड तळहातावर घेत, डोळे मिटत, मनगट किंचित वर-खाली करत, आणि जणू आतून काही उमटण्याची वाट पाहत. मग सांगत: हा पाचेक ग्रॅम जड, हा हलका. मी आकडा वाचे. ते बहुतेक वेळा एकदोन ग्रॅमनेच चुकत, आणि त्यांना त्याचा अभिमानही वाटत नसे.

ऑक्टोबरात घरापासून पाच किलोमीटरपलीकडे न जाण्याची मर्यादा पुन्हा आली. घरात आम्ही एकमेकांच्या पायांत येऊ लागलो होतो. त्या दुपारी मी एका मीटिंगमधून, माईक बंद करून, कानात इअरफोन ठेवूनच गॅरेजात गेलो. पलीकडून कुणीतरी माझ्या कामातल्या चुका वाचून दाखवत होता. चौथ्यांदा घासून झालेले रॉड फडक्यावर ओळीने मांडलेले होते. मामांनी तिसरा तळहातावर घेतला, बराच वेळ घेतला, आणि म्हणाले, "ह्यो जड हाय. बगा बरं."

काटा इतर तिघांपेक्षा चौदा ग्रॅम जास्त दाखवत होता. ते मी स्पष्ट पाहिलं. आकडा सांगितला असता, तर आणखी दोन दिवस ती कानस, ते वाचणं, ते बोलावणं. कानात माझं नाव घेतलं गेलं. मी म्हणालो, "सारखाच आहे, मामा."

ते थांबले. अर्धा क्षण असेल. रॉड अजून त्यांच्या ओंजळीत होता आणि त्यांची बोटं त्याच्याभोवती हलकेच मिटत-उघडत होती, जणू जुन्या मित्राला पुन्हा एकदा विचारत होती. मग मान खाली घालून ते म्हणाले, "तुमी शिकल्यालं. आकडा खोटं बोलत न्हाई." आणि त्यांनी तिसरा रॉड आत बसवला.

डिसेंबरात, बंधनं जरा सैल झाली तेव्हा, इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. मामांची एक रीत होती: पहिल्या सुरुवातीला इंजिनाच्या झाकणावर काठोकाठ भरलेली वाटी ठेवायची आणि पाण्याकडे बघायचं. सावकाश चालताना पाणी स्थिर राहिलं. ब्रेंडनने टाळ्या वाजवल्या. मामांनी हातानेच वेग वाढवायची खूण केली, आणि एका ठराविक स्वरावर येताच इंजिनातून बारीक, हट्टी कंप उठला. पाण्यावर वलयं आली, मग काठ ओलांडून ओघळ. पाणी त्यांना दिसलं नसावं. पण तळहात झाकणावर होता.

"ग्रँड, इट्स ग्रँड," ब्रेंडन म्हणत होता, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. त्याला त्याच्या वडिलांचा आवाज परत मिळाला होता. मामांनी तळहात उचलला, तो उलटसुलट करून पाहिला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "हात गेला माझा."

तेव्हा सांगता आलं असतं. त्या संध्याकाळी, त्या आठवड्यात, नाताळात, जानेवारीच्या त्या लांबच लांब अंधाऱ्या दिवसांत, केव्हाही. मामा गॅरेजात जायचे बंद झाले. वैशालीला वाटलं, थंडी बाधली. फेब्रुवारीत विमान मिळालं. कराडला पोचल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी कानशी, मोजमापाची हत्यारं, सगळं एका जुन्या कारागिराला देऊन टाकलं. "दिसंना म्हणून न्हाई," त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं. "कळंना म्हणून."

एप्रिलमध्ये मी स्वतःहून ब्रेंडनला इंजिन उघडायला लावलं. तिसरा रॉड काढला, काट्यावर ठेवला. चौदा. ब्रेंडनला वाटलं, म्हाताऱ्याकडून राहून गेलं असेल. आणि मी त्याचाही गैरसमज दूर केला नाही. आम्ही तो घासला, बसवला, इंजिन कसं रेशमासारखं चालू लागलं. त्याच संध्याकाळी व्हिडिओवर मामांनी विचारलं, "जीप कशी चालती?" त्यांच्यामागे भिंत होती, हत्यारं टांगायचे रिकामे खिळे होते. तोंडाशी आलेलं कबुलीचं वाक्य मी फिरवलं आणि म्हणालो, "ग्रँड, मामा. एकदम ग्रँड." ते हसले, चांगलं म्हणाले. मे महिन्यात, कोरोनाच्या त्या भयंकर लाटेत, ते चार दिवसांत गेले. अंत्यदर्शन आम्ही फोनच्या पडद्यावर घेतलं.

बाबांचा हात शेवटी शेवटी गेला होता, असं वैशाली माहेरच्यांना सांगते, तेव्हा मी शेजारी बसून मान हलवतो. हात गेला नव्हता. त्या वर्षी या घरात नेमकी होती ती एकच गोष्ट, तो हात. आणि मी एका मीटिंगसाठी त्याला खोटं ठरवलं. हा मजकूर छापायला देण्याआधी मी तिच्यासमोर ठेवणार आहे. ती काय म्हणेल, ठाऊक नाही. गेलेल्या माणसाची क्षमा दुसऱ्या कुणाला देता येत नाही, हेही ठाऊक आहे.

मामांचा चेहरा आता हळूहळू पुसट होतो आहे, आवाजातला कराडचा हेल निसटतो आहे. फक्त तो अर्धा क्षण, ज्यात त्यांनी स्वतःपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं, दर वर्षी थोडा अधिक लांब होत जातो, आणि त्यांच्या नसण्याच्या साऱ्या काळात आता मी त्या क्षणाच्या आतच राहतो.