मोठ्या नावाचे छोटे विमान

मित्रांनो, मी एक जुने, दोन पंख्यांचे विमान आहे. आता मी एका तंत्रविद्यालयाच्या पटांगणात उभा असतो. विद्यार्थी माझी इंजिने उघडतात आणि पुन्हा जोडतात. कधीकधी एखादा नट हातात उरतो. मग ते माझ्याकडे न पाहता तो हळूच खिशात टाकतात. त्यांच्यावर रागावण्याचे कारण नाही. मला आता उडायचे नाही.

मी घडलो अमेरिकेतल्या विचिटा शहरात. मला विकत घेतले नेब्रास्कातल्या मेडोलार्क एअर या छोट्या कंपनीने. मेडोलार्क म्हणजे माळावर गाणारा पिवळ्या छातीचा पक्षी. तो माझ्या शेपटीवर रंगवलेला होता. मक्याच्या शेतांवरून मी क्राल्टन गावातल्या माणसांना डेन्व्हरला नेत असे. आत माणसाला ताठ उभे राहता येत नसे. सहवैमानिकच वाकून मागे येई आणि पट्टे बांधायला सांगे.

पुढे डेन्व्हरच्या एका मोठ्या विमान कंपनीने आमच्याशी करार केला. पक्षी खरवडून काढला आणि मला तिचा निळा रंग दिला. तिकिटावरही तिचेच नाव आले. आमचे खरे नाव दाराशेजारी बारीक अक्षरांत उरले. मला वाईट वाटले, पण फायदाही दिसला. क्राल्टनला दिलेली पेटी आता थेट टोकियोला पोचू लागली. ओढ्याने नदीला पाणी द्यावे तसा मी मोठ्या विमानांना माणसे देऊ लागलो. नदीचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, ओढ्याचे फक्त काठच्या लोकांना.

क्राल्टनच्या विमानतळावर अर्लीन नावाची बाई सगळे पाही. तिकीट तीच देई, पेट्या तीच चढवी, हिवाळ्यात पंखांवरचे बर्फही तीच उतरवी. मी लहान, म्हणून ती प्रत्येकाला वजन विचारी. क्राल्टनमध्ये ते कमी सांगण्याची रीतच होती. अर्लीन मान हलवी आणि मनातल्या मनात भर घाली. त्यावर आमचे उत्तम चालले होते.

मग डेन्व्हरचा रस्ता रुंद झाला. लोक स्वतःच्या गाड्यांनी जाऊ लागले. माझी आसने रिकामी राहू लागली. एका उन्हाळ्यात मोठ्या कंपनीने कळवले, की या हंगामात किती माणसे चढतात ते पाहू, नाहीतर क्राल्टनचे विमान बंद करू.

शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेले लेनर्ड कुबिचेक घरोघर फिरले. काम असो वा नसो, एकदा तरी विमानात बसा, असे सांगत सुटले. गाव ऐकणारे होते. लोक डेन्व्हरला नुसते जेवायला जाऊ लागले. वैमानिकांसाठी घरच्या कोलाचेचे, म्हणजे फळांचा गर भरलेल्या गोड पावांचे, डबे येऊ लागले. इतके लाड माझे कधी झाले नव्हते.

अशाच एका तापलेल्या दुपारी मी पूर्ण भरलो. शेवटचे तिकीट व्लास्ताबाईंचे होते. अख्खे गाव त्यांना टेटा म्हणे, म्हणजे मावशी. त्यांची बहीण दूर युरोपात, चेक देशातल्या प्लझेनला अंथरुणावर होती आणि सकाळीच फोन आला होता. डेन्व्हरहून संध्याकाळचे मोठे विमान मिळाले, तरच भेटीची आशा होती.

हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते. अर्लीन दारात येऊन उभी राहिली.

“आज खरी वजनं सांगा बरं. लेनर्ड, तुम्ही सांगितलेलं वजन आत्ताचं की लग्नातलं?”

“लग्नातलंच. तो सूट अजून होतो मला.”

“बटणं लावून?”

सगळे हसले. मग एकेकाने खाली बघत खरा आकडा सांगितला. अर्लीनने बेरीज केली आणि तिचा चेहरा उतरला.

“तिघांना उतरावं लागेल. नियमानं ज्यांनी शेवटी तिकीट काढलं ते उतरणार. टेटा, तुम्ही शेवटच्या.”

टेटांनी पर्स उचलली.

“कुणी आपणहून उतरलं तर चालेल,” अर्लीन म्हणाली. “पण जो उतरेल तो मोजणीत नाही.”

कुणी हलले नाही. एकही माणूस कमी होता कामा नये, असे लेनर्ड यांनीच सर्वांना बजावले होते. आता सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांनी टेटांच्या हातातली पर्स घेतली आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

“बसा टेटा. गर्दी जमवायच्या नादात आपण प्रवाशालाच खाली उतरवत होतो.” मग ते स्वतः उतरायला निघाले आणि मागे वळले. “एमिल, ऊठ. तू एकटा उतरलास तरी दोघांचं वजन कमी होईल.”

एमिल गावचा खाटीक, चांगला आडवातिडवा. तो उठला. “उतरतो. पण हे माझ्या बायकोला, हेलनला सांगायचं नाही.”

त्यांच्यामागून एक शिक्षिकाही उतरली. मी धावपट्टीच्या टोकापर्यंत धावलो आणि मगच जमीन सोडली. डेन्व्हरला सहवैमानिक टेटांना हाताला धरून मोठ्या विमानाच्या दारापर्यंत घेऊन गेला.

शरद ऋतूत टेटा माझ्यातूनच परतल्या. अर्लीनने काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, “बोलायला वेळ मिळाला. भांडायलासुद्धा.” आणि त्या रडल्या.

पुढच्या वसंतात क्राल्टनचे विमान बंद झाले. त्या तीन जागांमुळे नव्हे; आकडा खूपच कमी पडला होता. करार संपला, मेडोलार्क बंद पडली आणि माझा निळा रंगही गेला.

मित्रांनो, त्या उन्हाळ्याची गर्दी मला अजून आठवते. पण मी एका हंगामाच्या लाडांवर जगणारा नव्हतो. मला वाढदिवसाला, परीक्षेला, दवाखान्याला निघालेली माणसे हवी होती. वर्षभर, थोडी थोडी. तुमच्याजवळ असे काही छोटे, कामाचे असेल, तर ते बंद पडेल या भीतीने त्याच्याकडे धावू नका. काम निघेल तेव्हा मात्र त्याच्याकडेच जा.