शून्याचे बटण चिकटले तेव्हा

मित्रांनो, मला अठरा बटणे आहेत, पण तोंड एकही नाही. माझी सगळी रड इथूनच सुरू होते. संगणकाला जोडायचा, नुसत्या आकड्यांचा मी एक स्वस्तातला कीपॅड. मासळी कारखान्यात माझी उमेदीची वर्षे गेली. कॉड माशांच्या पेट्यांची वजने मी दिवसभर टिपायचो. पुढे वजनकाटाच स्वतः आकडे लिहू लागला आणि माझी रवानगी खणात झाली.

तिथून मला बिन्नीने काढले. बिन्नी म्हणजे कारखान्याचा निवृत्त वायरमन आणि आमच्या चर्चची घंटा वाजवणारा. घरी अडकलेल्यांना इंटरनेटवरून प्रार्थना थेट दिसावी म्हणून त्याने चर्चमध्ये तीन कॅमेरे बसवले होते, पण माऊस फिरवताना त्याची तारांबळ उडायची. मग त्याने माझ्या बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. एक म्हणजे वेदी, दोन म्हणजे ऑर्गन, तीन म्हणजे बाप्तिस्म्याचे पात्र. शून्य दाबले की आवाज बंद, पुन्हा दाबले की चालू. प्रार्थनेनंतरच्या कॉफीला लोक म्हणायचे, "बिन्नी, अगदी टीव्हीसारखं दिसतं रे!" कौतुक बिन्नीचे, राबायचे मी. असो.

पण बिन्नीला प्रवचनात ज्येष्ठमधाच्या खारट काळ्या गोळ्या चघळायची खोड. डबीतून गोळी काढायची आणि त्याच चिकट बोटांनी मला दाबायचे! माझे शून्य अडखळू लागले. मी परोपरीने खुणावले. कधी उशिरा वर आलो, कधी कुरकुरलो. पाद्रीबाई बर्गथोराच्याही ते लक्षात आले.

"बिन्नी, हे किती चिकट झालंय! पूस की जरा."

"चालतंय ना? मग कशाला उगाच हात लावायचा!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण मला ना तळपाय, ना मस्तक.

फेब्रुवारीत एदिसच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. एदिसला तिच्या आजीने, स्वानहिल्दुरने, लहानाचे मोठे केले. आजी मात्र खुब्याचे हाड मोडून घाटापलीकडे अकुरेरी शहराच्या इस्पितळात पडलेली, आणि घाट बर्फाने बंद. ती तिथूनच पडद्यावर बाप्तिस्मा बघणार होती. आमच्याकडे बाप्तिस्म्यापर्यंत बाळाचे नाव कुणी फोडत नाही. दोन महिने सगळे तिला नुसते 'छोटी' म्हणत होते. आदल्या दिवशी आजीने फोनवर खोदून खोदून विचारले.

"निदान पहिलं अक्षर तरी सांग गं!"

"नाही म्हणजे नाही, आजी. उद्या चर्चमधून थेटच ऐक."

ऐन वेळी ऑर्गनवाल्याला खोकल्याची उबळ आली. बिन्नीने शून्य दाबले. खोकला थांबल्यावर पुन्हा दाबले. पण शून्य खालीच चिकटून बसले होते, मग संगणकाला कळणार काय? हेडफोन कानावर असता तर बिन्नीच्या तरी ध्यानात आले असते. तो त्याने मुद्दाम काढून ठेवला होता, कारण छोटीचे नाव त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचे होते!

बर्गथोराने विचारले, "बाळाचं नाव काय?" एदिसने सांगितले. सगळे चर्च कॅमेऱ्याकडे वळले, हसले, हात हलवू लागले.

विधी आटोपतो न आटोपतो तोच बिन्नीचा फोन वाजला. पलीकडे आजी होती.

"बिन्नी, सगळे माझ्याकडे बघून का हसत होते? इथे आवाजच नाही!"

बिन्नीचा चेहरा खर्रकन उतरला. रेकॉर्डिंगही मुकेच होते. एदिसने धावत येऊन फोन घेतला.

"स्वानहिल्दुर, आजी. तुझंच नाव ठेवलंय."

"माझी गुणाची पोर," आजी म्हणाली. "पण तू चर्चमध्ये उच्चारलंस, ते मला ऐकायचं होतं गं. दोन महिने त्यासाठीच तर थांबले होते."

एदिस रडू लागली. बिन्नीने मला उचलून टेबलावर आपटले. "दळभद्री डबडं!"

आपटल्याबरोबर शून्य टक्कन वर आले. बिन्नीने ते दाबून पाहिले, आणि आवाज सुरू झाला.

"आता येतंय ऐकू," आजी म्हणाली. "कॉफीच्या कपबशा वाजताहेत."

मित्रांनो, खापर माझ्यावर फुटले, ते फुटू दे. पण हात जोडून सांगतो, कुठलीही वस्तू अडखळू लागली तर त्याच दिवशी तिच्याकडे बघा. मला पुसायला एक ओला बोळा आणि दोन मिनिटे पुरली असती. दुसऱ्या दिवशी बिन्नीने मला पुसून लख्ख केले. आता माझे शून्य लोण्यासारखे चालते, आणि छोटीचा बाप्तिस्मा काही पुन्हा होत नाही.