बोमियेची राळ

मार्चच्या पहिल्या कडक उन्हात एलझेआरनं दारातलं बोमियेचं झाड तोडायला घेतलं. मुळं गटाराच्या नळात शिरतात म्हणे. आम्हा शेजाऱ्यांना ते पटलं नाही. शोदियेर नदीकाठी हे झाड घरोघरी आहे आणि गटारंही घरोघरी तुंबतात. खरं कारण वासाचं. त्याची बायको ओझेलिन दरवर्षी कोंब उमलायच्या आत खुडायची, डुकराच्या चरबीत मंद आचेवर ठेवायची आणि त्या मलमावर अख्ख्या गावाच्या भेगा आणि खोकले निभायचे. ती जाऊन वर्ष झालं होतं. ऊन तापलं की झाडाचा वास स्वयंपाकघरात शिरायचा आणि हा माणूस वाटाण्याचं सूप अर्धं टाकून उठायचा.

आता, तोडायचंच होतं तर ऑक्टोबरात तोडावं. मार्चमध्ये कोंब राळेनं नुसते ठिबकत असतात, हे आमचं शेंबडं पोरही सांगेल. पण रागाला महिना कळत नाही. दिवसभर त्यानं उघड्या हातांनी फांद्या ओढल्या. संध्याकाळी कोपरापर्यंत पिवळा, चिकट, आणि ज्या वासापासून सुटायचं तोच अंगभर. साबण झाला, राख झाली, वाळू झाली. हातांच्या भेगांतून रक्त आलं, राळ काही हलली नाही.

मी बादली घेऊन कोंब मागायला गेले होते. तेवढ्यात ओझेलिनची थोरली बहीण डेल्व्हिनाही आली. अंत्यविधीपासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. झाड तिच्या माहेरचं. ते बी धरत नाही, मुळाचा फुटवा आणून लावावा लागतो, आणि तो ओझेलिननं लग्नात आणला होता.

"घास, घास! कातडी निघेल, राळ नाही निघायची."

"मग कशानं निघते, ताई?"

"चरबीनं. तीस वर्षं बायकोसमोर बसून काय बघितलंस, सुपाची वाटी?"

तिनंच घरातला चरबीचा डबा उघडून एक गोळा त्याच्या हातावर थापला. तो चोळत गेला तशी राळ सुटली, चरबी पिवळी झाली. त्यानं फडक्याला हात घातला.

"खबरदार पुसलंस तर! मलम आहे ते."

तिनं त्याचा हात ओढून मांडीवर घेतला आणि चमच्याच्या कडेनं एकेक बोट निपटून डब्यात भरू लागली. वर्षभरात त्या हातांना कुणी शिवलं नव्हतं.

एलझेआर रडायला लागला.

"हलू नकोस," डेल्व्हिना म्हणाली, आणि दुसरा हात घेतला.