ढग धरत नाही

पडद्यावर आजही काही नव्हतं. जिथे मसुराएवढा काळा ठिपका दिसायला हवा, तिथे नुसता करडा धुरळा.

"आपला ढग रुसलाय," लंबू म्हणाला.

"रुसायला तो काय जावई लागून गेलाय?" तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा धुरळा.

लंबू हा प्रयोगशाळेतला तिचा जोडीदार. नाव उंचीवरून पडलेलं. निर्वात पेटीत एका धातूचे अणू लेझरने थंड करायचे, इतके की त्यांची धावपळ जवळजवळ थांबावी आणि सगळ्यांचा मिळून एकच ढग व्हावा, हे दोघांचं काम. पण यातला प्रत्येक अणू म्हणजे चिमुकला चुंबक. बाहेरचं जरासं चुंबकत्व आत शिरलं की यांची डोकी फिरलीच. म्हणून पेटीभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी होती. त्यांतून नेमका प्रवाह सोडून बाहेरचं चुंबकत्व मारायचं. ते आकडे तिच्या बाबांनी बसवलेले. हा प्रयोग उभा केला तोच मुळी बाबांनी. हिवाळ्यात ते गेले, आणि त्यानंतर ढग धरेनासा झाला.

आरसे बदलून झाले, पंप उघडून झाला, लेझर दुरुस्त करून आणला. लंबूने दोनदा सुचवलं, आकडे एकदा तपासू या का? "बाबांचे आकडे चुकायचे नाहीत," असं म्हणून तिने त्याला गप्प केलं. आणि आता विभागप्रमुख सांगून गेले होते, शुक्रवारपर्यंत ढग दिसला नाही तर खोली दुसऱ्या गटाला.

संध्याकाळी घरी आई खिडकीच्या पडद्याला दुमड घालत बसली होती, बाबांच्या लोखंडी खुर्चीत. ही खुर्ची वर्षानुवर्षं त्या पेटीशेजारी असायची. बाबा गेल्यावर लेकीनेच ती उचलून घरी आणली होती. आईने वर उशी टाकली आणि खुर्ची आपलीशी केली.

"टाचणी पडली बघ. शोध, नाहीतर पायात जाईल."

ती वाकली. टाचणी जमिनीवर नव्हतीच. खुर्चीच्या पायाला चिकटली होती.

"ही खुर्ची अशीच आहे," आई म्हणाली. "तुझ्या बाबांसारखी. एकदा धरलं की सोडायचं नाव नाही."

तिने टाचणी ओढून काढली, जवळ नेली. टाचणी उडी मारून पुन्हा चिकटली. वेटोळ्यांच्या शेजारी राहून राहून लोखंडाचाच चुंबक झाला होता, आणि बाबांचे आकडे खुर्ची हिशेबात धरून बसवलेले होते. आकडे बरोबरच होते. खोली बदलली होती, तीही तिच्याच हातून. आणि ती मात्र आरसे बदलत बसली होती. तिला स्वतःचाच असा राग आला की टाचणी तिने हिसका देऊन उपटली.

"काय गं?"

"खुर्ची परत न्यावी लागेल बहुतेक."

आईने कात्री खाली ठेवली, कापड गोळा केलं. "मग ने की. मी काय, कुठेही बसेन." ती उठून उभी राहिली, पण हात खुर्चीच्या दांडीवरून सुटला नाही.

"तू बस, आई," ती म्हणाली. "राहू दे."

सकाळी खुर्चीची गोष्ट ऐकून लंबू वैतागलाच. "अगं, उचलून आण, दहा मिनिटांत विषय संपेल. वेटोळ्यांचे आकडे नव्याने बसवत बसलो तर शुक्रवार हातचा गेला."

"खुर्ची येणार नाही."

"आणि बाबांचे आकडे?"

"खोडते."

एक आकडा सरकवला की दुसरा बिघडायचा. दोघं दिवसभर एकमेकांवर खेकसत होते. शुक्रवारी विभागप्रमुख दारात आले, तेव्हा पडद्यावर एक फिकट ठिपका होता.

ते वाकले. "हा ढग म्हणायचा?"

तिने पुन्हा बटण दाबलं. ठिपका पुन्हा तिथेच आला.

"बरं. जरा बाळसं धरू दे त्याला," म्हणत ते निघून गेले.

लंबूने सुस्कारा सोडला आणि जुन्या सवयीने मागे न बघता खुर्चीच्या जागी बसायला गेला. तिथे काहीच नव्हतं. टेबल धरून तो कसाबसा सावरला.

"इथे काहीतरी बसायला हवं, बाई."

"आण," ती आकड्यांवरची नजर न काढता म्हणाली. "लाकडी आण."