माझ्यात नसलेला डोंगर

मी एक जुने पुस्तक आहे, आणि तेही मधले. सात भागांच्या मालिकेतला चौथा भाग. माझ्यापासून कोणी सुरुवात करत नाही आणि माझ्यापाशी कोणी थांबत नाही, त्यामुळे स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही. मित्रांनो, सांगताना मी कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

समुद्रापलीकडच्या एका दमट, धुरकट शहरात माझी छपाई झाली. माझ्या मुखपृष्ठावर पिवळी टोपी घातलेला एक बुटका जादूगार आहे. त्याचे नाव पिंबल. त्याची जादू खरी होती, फक्त ती एक दिवस उशिरा चालायची. चोराला त्याने 'बेडूक हो' म्हटले, तर चोर निवांत चोरी करायचा, घरी जाऊन जेवायचा, झोपायचा आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीला बसला की बायकोसमोर बेडूक व्हायचा. सातही भागांत असलाच पोरखेळ आहे. त्यात ज्ञान नाही, उपदेश नाही. मुलांनी हसावे एवढ्यासाठीच कोणीतरी आम्हाला लिहिले असावे.

आम्ही सातही भावंडे दान केलेल्या पुस्तकांच्या खोक्यातून आफ्रिकेतल्या गुटूच्या मिशन शाळेत आलो. तेव्हा झिम्बाब्वे हे नाव अजून पडायचे होते. शाळेमागे मोठमोठे काळे खडक होते. शनिवारी मुले धुतलेले गणवेश त्या खडकांवर वाळत घालत आणि शेळ्यांनी ते खाऊ नयेत म्हणून राखण करत बसत. तिथेच मला चाकानेत्सा आणि रुनेसू भेटले.

ते दोघे एकमेकांचे साहविरा होते. ही मैत्री आपण जोडायची नसते, ती आजोबांकडून येते. साहविराने तुमच्या ताटातले मटण उचलले तरी रागवायचे नाही. त्याने चारचौघांत तुमची खिल्ली उडवली तर हसायचे. आणि घरातले कोणी वारले, की साहविरानेच त्याचा कोट अंगात घालायचा, त्याच्यासारखे चालायचे, त्याच्या आवाजात बोलायचे आणि रडणाऱ्यांना हसवायचे.

चाकानेत्साला हे सगळे जन्मतःच येत होते. रुनेसूला मात्र वर्गात हजेरी देतानाही घाम फुटायचा.

मी त्यांच्या हाती आलो त्या आठवड्यात रुनेसूचे डोळे आले होते. तो खडकावर उताणा पडायचा, डोळ्यांवर ओले फडके ठेवायचा आणि चाकानेत्सा मला मोठ्याने वाचायचा.

"पुढे वाच ना," रुनेसू म्हणायचा.

"थांब रे, कासवा. घशाला कोरड पडली. तुझ्या डब्यातले शेंगदाणे कुठे आहेत?"

"ते तू कालच संपवलेस."

"मग पिंबलपण आज उपाशीच झोपणार."

तरीही तो वाचायचा. राणीचा आवाज वेगळा, चोराचा वेगळा, कोंबडीचा त्याहून वेगळा. पिंबल आणि डोंगर यांचे भांडण आले, तेव्हा रुनेसू इतका हसला की डोळ्यांवरचे फडके खाली घरंगळले. पिंबल डोंगराला बाजूला सरक म्हणतो आणि डोंगर एखाद्या खाष्ट म्हातारीच्या आवाजात त्याला झापतो, असा तो प्रसंग होता. रुनेसूने तो चार वेळा वाचायला लावला. नंतर आयुष्यभर कोणी त्या मालिकेचे नाव काढले, की तो म्हणायचा, "चौथा भाग सगळ्यांत भारी. त्यातला तो डोंगर!"

ही स्तुती मी गप्प राहून ऐकली. कशी ऐकली, ते पुढे सांगतो.

दोघे मोठे झाले. चाकानेत्सा बुलावायोला रेल्वेत लागला. रुनेसू त्याच शाळेत मास्तर झाला. मग युद्ध आले, शाळा बंद पडली. पळून जायच्या दिवशी रुनेसूने मक्याच्या पिठाच्या पोत्यात आम्हा पाच जणांना कोंबले. दुसरा आणि सहावा तिथेच राहिले. त्यांचे काय झाले मला माहीत नाही. रुनेसूच्या घरी पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत आमची जागा झाली. पहिली काही वर्षे तो अधूनमधून इतर भाग काढून चाळायचा. मला कधीच नाही.

निवृत्त होऊन चाकानेत्सा गावी परतला आणि पेटीच्या झाकणातून मला त्याचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. तो आला की आधी स्वयंपाकघरात शिरायचा, भांड्यांची झाकणे उघडायचा आणि मग ओरडायचा, "या घरात माणसं जेवतात की उंदीर?"

एकदा तो म्हणाला, "साहविरा, तो चौथा भाग काढ की. तुला एक गंमत दाखवायचीय."

"चौथा मला पाठ आहे," रुनेसू म्हणाला.

"पाठ आहे म्हणे!" चाकानेत्सा हसत सुटला आणि हसता हसता त्याला खोकला लागला. "अरे, मास्तर ना तू? काढ तरी!"

"काढू कधीतरी."

ते कधीतरी आले नाही. त्या हिवाळ्यात चाकानेत्सा वारला.

दफन करून रुनेसू घरी आला तेव्हा तो पलंगावर नुसता बसून राहिला. त्याच्या घराण्याच्या वाट्याचे हे नक्कल करायचे काम आजवर त्याचा थोरला भाऊ करत आला होता. भाऊ आता हयात नव्हता. त्यामुळे चाकानेत्साचा कोट रुनेसूच्या हातात देण्यात आला होता. शंभर माणसे वाट बघत उभी होती. आणि तो कोट हातात धरून तसाच उभा राहिला. "तोंडच उघडलं नाही," तो भिंतीला सांगत होता. "तोंडच उघडलं नाही रे."

दहा महिन्यांनी चाकानेत्साची बायको, माई शुवाई म्हणजे शुवाईची आई, त्याच्याकडे आली. ती दारातच बसली. पाणीही घेतले नाही.

"साहविरा, पुढच्या महिन्यात त्यांच्या आत्म्याला घरी आणायचंय. विधीच्या बिअरसाठी नाचणी भिजत घालणार आहे मी."

"हो, माई."

"हो काय? मागच्या वेळी तुम्ही खांबासारखे उभे राहिलात. न हसता पुरलं आम्ही त्यांना. आयुष्यभर ज्यानं गाव हसवलं, त्याला! आता रोज गोठ्यापाशी त्यांचा खोकला ऐकू येतो मला. आत येत नाहीत, निघूनही जात नाहीत. ताट वाढून ठेवते, गार होतं. वर्ष होत आलं, माझ्या डोळ्याला डोळा नाही."

रुनेसूने पाण्याचा तांब्या पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

"या वेळी तुम्ही बोलला नाहीत, तर मी दुसऱ्या घराण्यातला माणूस बोलावीन. आजोबांपासूनचं नातं तुटेल. तुटू दे. मला त्यांना घरात घ्यायचंय."

"माई," रुनेसू कसाबसा म्हणाला, "मला त्याचा चेहरा आठवतो. हात आठवतात. पण आवाज... आवाज आठवत नाही मला."

माई शुवाई उठली. "मग शोधा," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली.

त्याने पहिल्या भागापासून सुरुवात केली. अंगणातल्या स्टुलावर बसून, चष्मा पुसत, रोज थोडे थोडे. शेजारी मला ठेवलेले असायचे, म्हणून मला सगळे दिसत होते. तो हसत नव्हता. ज्या पानावर पूर्वी पोट धरून हसला होता, तिथे तो थांबायचा, ओळ पुन्हा वाचायचा, आणि एखाद्या बंद घराची कडी वाजवून थांबावे तसा वाट बघायचा. आतून कोणी यायचे नाही. "एवढंच होतं का हे?" तो पुटपुटायचा. "की मलाच कळेनासं झालंय?" तिसरा भाग संपला तेव्हा त्याने तो मिटून बराच वेळ मांडीवर ठेवला.

"चौथ्यात आहे," तो स्वतःलाच म्हणाला. "डोंगर चौथ्यात आहे."

मित्रांनो, मला तेव्हा भीती वाटली. वाळवीची वाटली नाही, युद्धातल्या आगीची वाटली नाही, इतकी त्याच्या त्या शोधणाऱ्या बोटांची वाटली.

त्याने मला उघडले. राणी झाली, चोर झाला, कोंबडी झाली. एकशे बाराव्या पानावर तो आला. तिथे लिहिले आहे, 'पिंबलने डोंगर ओलांडला आणि दिवे लागायच्या आत तो गावी पोहोचला.' बस्स. एक ओळ.

त्याने पान उलटले. परत मागे आला. पान फाटले आहे का म्हणून शिवणीत बोट घालून पाहिले. आकडे मोजले. एकशे बारा, एकशे तेरा, एकशे चौदा. सगळी पाने जागेवर होती. डोंगर मात्र कुठेच बोलत नव्हता.

आता मी कबूल करतो. तो प्रसंग माझ्यात कधीच नव्हता. त्या खडकावर चाकानेत्साने माझे पान अंगठ्याने घट्ट दाबून धरले होते आणि त्याची नजर माझ्यावर नव्हती. समोरच्या टेकडीकडे बघत तो सगळे रचत होता, आणि वाचतोय असे भासवत होता. मला सगळे ठाऊक होते. पण हसू इतके मोठे होते की ते माझेच आहे असे मी धरून चाललो. साठ वर्षे मी दुसऱ्याच्या कौतुकावर जगलो.

रुनेसू चष्मा काढून बसला. मग डोळे मिटून तो हळूहळू आठवू लागला. "डोंगर म्हणाला, सरकायचं मग बघू. आधी नमस्कार कर. टाळ्या कुठायत तुझ्या?... पिंबलनं टाळ्या वाजवल्या. डोंगर म्हणाला, झोप लागली का? पिंबल म्हणाला, तुम्हाला लागली असेल तर मलाही लागली..."

तो थांबला. आपल्या शोना घरांत पहाटे सासू-सुना एकमेकींना विचारतात ते हे शब्द. समुद्रापलीकडच्या पुस्तकातला डोंगर शोना रीतीने टाळ्यांचा नमस्कार मागेल कसा? जन्मभर मुलांना वाचन शिकवणाऱ्या या मास्तराला साठ वर्षांत ही शंका आली नव्हती.

"लबाडा," तो म्हणाला. "चोरा! हीच होती होय तुझी गंमत?"

हे शब्द रुनेसूच्या तोंडून आले, पण आवाज भरदार होता, थोडा घोगरा, शेवटी वर चढणारा. अंगणातल्या कोंबड्या बाजूला झाल्या. रुनेसूने स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला. मग त्याने मला मिटले आणि कितीतरी वेळ माझ्यावर हात ठेवून तो रडला.

विधीच्या सकाळी तो मला बगलेत घेऊन गेला. मुसासाच्या झाडाखाली थडग्याभोवती सगळे जमले होते. नाचणीच्या बिअरचे मडके मधोमध होते. रुनेसूने चाकानेत्साचा रेल्वेचा कोट घातला. तो गुडघ्यांपर्यंत आला, हाताची बोटे दिसेनाशी झाली.

"अरे, कोट एकटाच चालत आलाय!" मागून एक म्हातारा ओरडला. "आत माणूस आहे का बघा कोणीतरी!"

लोक हसले. रुनेसूने मला बगलेतून काढले. माई शुवाई त्याच्याकडेच बघत होती. तिची मुलगी शुवाई आईचा दंड धरून उभी होती.

त्याने मला एकशे बाराव्या पानावर उघडले. चष्मा त्याच्या खिशातच होता. त्याने समोरच्या टेकडीकडे पाहिले आणि पान अंगठ्याने घट्ट दाबले. तो अंगठा रुनेसूचा होता. दोन माणसांच्या अंगठ्यांतला फरक मला कळत नाही असे नाही. पण असा दाब देणारा अंगठा माझ्या आयुष्यात एकच होता, आणि तेवढ्यापुरता मी गोंधळलो. अजूनही त्याविषयी माझी खात्री नाही.

"या गावात माणसं राहतात की उंदीर?" आवाज आला. "वर्षभर उन्हात उभा आहे मी. नमस्कार नाही, चमत्कार नाही. टाळ्या कुठायत तुमच्या?"

सगळे दचकले. मग एका म्हातारीने टाळ्या वाजवल्या, मग दुसरीने, आणि मग सगळ्यांनीच. हळू, पोकळ तळव्यांनी, मोठ्या माणसापुढे वाजवतात तशा.

"हां. आता विचारतो. झोप लागली का?"

प्रश्न कोणाला आहे हे सगळ्यांना कळले होते. माना माई शुवाईकडे वळल्या.

"अगं, तुला विचारतोय. झोप लागली का?"

"तुम्हाला लागली असेल," माई शुवाई म्हणाली, "तर मलाही लागली."

आणि मग तिचा बांध फुटला. "वर्षभर बाहेर काय करत होतात? ताटं गार झाली माझी! खोकत काय बसता गोठ्यापाशी, घर दिसत नाही? चला! आणि पाय पुसून या, कालच सारवलंय!"

तिने कोटाची लोंबणारी बाही धरली आणि ओढतच घराकडे निघाली. लोक हसत होते, रडत होते, गात होते. मडके घेतलेल्या बाया मागून येत होत्या. दारात रुनेसूने खरोखरच पाय पुसले.

आता शुवाई दर रविवारी रुनेसूकडे येते. ती चाळिशीची आहे, शाळेच्या दवाखान्यात परिचारिका आहे. ती म्हणते, "वाचा, साहविरा." तो मला उघडतो आणि पिंबल वाचतो, डोंगरासकट. ती माझ्याकडे बघत नाही. तो घसा कसा साफ करतो, ओळ चुकली की कानाची पाळी कशी चोळतो, ते ती बघत असते.

एकदा त्याने मान वर केली. "माझ्यानंतर माझा कोट तुझ्याकडे येणार, होय ना?"

"तुमच्या घराण्याला दुसरं कोण आहे आमच्याशिवाय?"

"पण माझ्यात नक्कल करण्यासारखं काय आहे, पोरी? मी तर बोलतही नाही."

"आहे की," शुवाई म्हणाली. "पान उलटण्याआधी तुम्ही पुस्तकाची माफी मागता. गाव लोळेल हसून."

तो हसला. मग त्याने खरोखरच माझी माफी मागितली आणि पान उलटले.

मित्रांनो, पुस्तके जपा, ओल्या हाताने धरू नका, हे मी सांगायला हवे. पण माझी फार काळजी करू नका. मी छापलेला आहे, कुठेतरी माझी दुसरी प्रत असेल. तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवणारे घरात कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा. वाचलेले पुन्हा वाचायला सांगा. रुनेसू अलीकडे मुद्दाम सावकाश वाचतो आणि शुवाई त्याला घाई करत नाही. तुम्हीही करू नका.