एफीची खोली

"अजून एक चिकटपट्टी?" स्वयंपाकघरातल्या खाटेवरून एफी म्हणाली. "अरे म्हाताऱ्या, छत उतरवतोयस की मला पार्सल करतोयस?"

"गप पड, पोरी. बोललीस की धाप लागते तुला."

मर्डोने झोपायच्या खोलीच्या दारावर प्लास्टिक ताणलं आणि कडा दाबून चिकटवल्या. वरच्या बिऱ्हाडाचं पाणी मुरून आतलं छत लोंबायला लागलं होतं. ग्लासगोच्या या दगडी इमारतीत एफीने त्याच्याशी संसार करत पन्नास वर्षं काढली होती, आणि शेवटचे दिवस तिला त्याच खोलीत, खिडकीशी हवे होते. "शुक्रवारी येते. धूळ दिसली, तर तडक रुग्णालयात हलवीन," असं नर्स बजावून गेली होती.

छताचा तुकडा त्याने आधीच तपासून घेतला होता. त्यात ॲस्बेस्टॉसचं विष नव्हतं. चुना, घोड्याचे केस आणि शंभर वर्षांची काजळी, एवढंच. तरीही तो आधी फवाऱ्याने पाणी मारी, ते मुरू देई आणि मग वीतभर तुकडा सोडवून ओल्या पोत्यात अलगद ठेवी. चाळीस वर्षं त्याने हेच काम केलं होतं, पण पहारीने. छत धाडकन खाली आणायचं आणि धुरळा बसेपर्यंत जिन्यात चहा प्यायचा.

त्यातली सहा वर्षं शाळांच्या छतांवर ॲस्बेस्टॉसचे थर देण्यात गेली होती. दर शनिवारी एफी त्याचे कामाचे कपडे मागच्या अंगणात नेऊन भिंतीवर आपटून धूळ झाडायची. "नवऱ्यावरचा राग काढतेस होय गं?" शेजारणी हसायच्या. ती खोकत खोकत हसायची.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या छातीचे एक्स-रे पाहिले आणि विचारलं, "यजमान काय काम करायचे?" यजमान शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

नव्या छताचे तक्ते धरायला तेवढा शेजारी आला. लेप भरलेले सांधे मर्डोने काचकागदाने घासलेच नाहीत. ओल्या स्पंजने पुसून सारखे केले. मग भिंती पुसल्या, जमीन पुसली, बादलीतलं पाणी नितळ दिसेपर्यंत पुसत राहिला.

शुक्रवारी नर्सने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, ते उजेडात धरून पाहिलं.

"राहू द्या त्यांना इथेच," ती म्हणाली.

दोघांनी मिळून एफीला आत आणलं. नर्स गेल्यावर एफी बराच वेळ वर बघत राहिली.

"एवढं स्वच्छ काम कधी केलं होतंस रे?"

"कुणी सांगितलंच नव्हतं गं."

"मलाही नाही." तिने चादरीवर थोपटलं. "ये, बस इथे."

मर्डोने सकाळपासून दोनदा अंघोळ केली होती, अंगात धुतलेला सदरा होता. त्याने बाह्यांकडे पाहिलं. "आलोच," म्हणून तो पुन्हा न्हाणीघरात गेला.

ओल्या केसांनी परतला, तेव्हा ती भिंतीकडे सरकून, त्याच्यापुरती जागा करून झोपी गेली होती. मर्डोने स्टूल ओढलं आणि दाराशीच बसला.